कंट्रोलरा, तुझी साक्ष हवी

प्रति,
मायक्रोकंट्रोलर,
मोबाइल स्टार्टरची पेटी, विहिरीवरचा खांब,
केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना.

कंट्रोलरा,

पत्त्यात तुझं नाव नुसतं 'मायक्रोकंट्रोलर' असं लिहिलंय, कारण पेटी उघडल्याशिवाय तुझं कूळ कळत नाही, आणि पुष्कळदा उघडूनही कळत नाही. स्वस्त बोर्डांवर तुझ्या पाठीवरचा नंबरच घासून टाकलेला असतो. तू ८०५१ च्या घराण्यातला असशील, एव्हीआर असशील, नाहीतर एसटीएम३२. गावाला त्याचं काही नाही. गाव तुझ्यासकट अख्ख्या पेटीला 'ऑटो' म्हणतं आणि मोटर उठली नाही की 'ऑटो बिघडलं' म्हणून तुझा निकाल लावून मोकळं होतं.

हा निकाल मला मान्य नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण तुला वाचता येत नसलं तरी तुझ्यासाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरापोरींना येतं.

तुझं काम काय, ते आधी त्यांना सांगू दे. पूर्णेच्या काठची ही शेती. कापूस, मका, मोसंबी, उन्हाळ्यात मिरची. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, पण रात्रीची पाळी ज्याच्या वाट्याला येते त्याला आजही हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत, चिखल तुडवत विहिरीवर जावं लागतं. ती फेरी वाचवायला तुला खांबावर चढवलं. घरून फोन लावला की तू रिले ओढायचा, रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा, की मोटर सुरू. एखादा फेज गेला तर मोटर बंद करायची, विहिरीचं पाणी संपलं तर बंद करायची, आणि काय झालं ते मेसेजने कळवायचं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' या नावाने ही सोय शेतकऱ्यांपर्यंत नेली. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत तिला पारितोषिक मिळालं. आता अशा पेट्या तालुक्याच्या दुकानातही मिळतात.

पेटी बंद पडली की दुरुस्तीवाला बोर्ड बदलतो. काम भागतं, पण पेटी बंद का पडली हे कोणालाच कळत नाही, आणि तोच दोष पोटात घेऊन नवा बोर्ड त्याच खांबावर चढतो. माझं सगळं म्हणणं इथे आहे. मध्यरात्री विहिरीवर काय घडलं, याचा तूच एकटा साक्षीदार असतोस. पण तुझा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तुला साक्ष द्यायची सोयच ठेवलेली नसते. मग सगळे अंदाज बांधत बसतात.

तुझं घराणं तसं जुनं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा १९७४ साली बाजारात आला, आणि प्रोसेसर, मेमरी, बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना असं सगळं एकाच चिपवर मिळू लागलं. इंटेलचा ८०५१ आला १९८० साली, १२८ बाइट रॅम आणि ४ किलोबाइट रॉम घेऊन. आपल्याकडच्या डिप्लोमावाल्यांच्या कितीतरी बॅचेसचा हात त्याच्यावरच बसला. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे दोन विद्यार्थी, आल्फ-एगिल बोगन आणि वेगार्ड वोलान, यांच्या कल्पनेतून एव्हीआर घडला आणि १९९७ साली विक्रीला आला. त्याच कुळातला ॲटमेगा ३२८पी अर्डुइनो उनोवर बसतो, म्हणून आज तो सगळ्यांच्या ओळखीचा. ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम, १ किलोबाइट ईईप्रॉम, एवढाच त्याचा संसार. मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो साठवायचा म्हटलं तर असे शंभर जण लागतील.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली, तेव्हा संगणकांची मेमरीही अशीच तोकडी होती. म्हणून तुमचं दोघांचं अजून जमतं. पण सी प्रोग्रॅमरवर डोळे मिटून विश्वास टाकते. ६४ घरांच्या ॲरेमध्ये पासष्टाव्या घरात लिहिलं तरी ती हटकत नाही. लॅपटॉपवर असं झालं तर ऑपरेटिंग सिस्टिम बऱ्याचदा तो प्रोग्रॅम बंद पाडते. तुझ्याकडे असा पहारेकरी नाही. शेतकऱ्याचा मेसेज चार अक्षरांचा असतो, म्हणून कोणीतरी ६४ बाइटांचा बफर ठेवतो. एक दिवस रिचार्जची १६० अक्षरी जाहिरात येते, बफर ओलांडून शेजारच्या व्हेरिएबलवर सांडते, आणि ते व्हेरिएबल नेमकं 'मोटर चालू आहे की बंद' हे लक्षात ठेवणारं निघतं. जाहिरात आली आणि मोटर बंद पडली, हे ऐकून दुरुस्तीवाला हसतो. तू मात्र सांगितलं तेवढंच केलेलं असतंस. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अक्षराआधी जागा शिल्लक आहे का हे तपासायचं आणि जास्तीचं अक्षर टाकून द्यायचं, एवढ्या दोन ओळी तिथे हव्या होत्या.

साक्षीला सुरुवात करताना तुला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: तू मघाशी पुन्हा सुरू का झालास?

एक तक्रार या पेट्यांबद्दल नेहमी ऐकू येते. मोटर तासभर नीट चालते, पण मेसेज जायच्या वेळेला पेटी झटका खाते आणि मोटर बसते. लोक सिमकार्ड बदलतात, ॲन्टेना हलवतात. कारण बहुतेक वेळा विजेच्या पुरवठ्यात असतं. जीएसएम मॉड्यूल टॉवरशी बोलताना क्षणभरासाठी २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बोर्डावरचा पुरवठा तेवढा दमदार नसला की व्होल्टेज खाली बसतं, आणि त्याच पुरवठ्यावर जगणारा तू भोवळ येऊन पडतोस. पुन्हा उठतोस तेव्हा मागचं काही आठवत नसतं, म्हणून रिले सोडून देतोस.

हे ओळखायला ऑसिलोस्कोप लागत नाही, तूच सांगू शकतोस. एव्हीआरमध्ये एमसीयूएसआर नावाचं रजिस्टर असतं. त्यात चार खुणा असतात: वीज नव्याने आली, रिसेटच्या पिनवरून रिसेट झाला, व्होल्टेज खाली बसलं, की अडकल्यावर वॉचडॉग टायमरने उठवलं. एसटीएम३२ मध्ये हेच काम आरसीसी विभागातलं सीएसआर रजिस्टर करतं. प्रोग्रॅम सुरू झाल्याबरोबर, बाकी काहीही करायच्या आधी, ही खूण वाचायची, ईईप्रॉममध्ये नोंदवायची आणि पुसायची. पुसली नाही तर पुढच्या खेपेला जुनी आणि नवी खूण एकत्र दिसतात. काही बूटलोडर ही खूण तुझ्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याआधीच पुसून टाकतात, तेही तपासायचं. चार ओळींचं काम, पण मेसेजच्या वेळेला पेटी का बसते याचं उत्तर त्यात मिळतं.

त्याच्या जोडीला ब्राउनआउट डिटेक्टर चालू ठेवायचा. ३२८पी मध्ये त्याच्या पायऱ्या साधारण १.८, २.७ आणि ४.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झने पळवायचं असेल तर ४.३ ची निवडायची. हा पहारा बंद असला की व्होल्टेज उतरताना तू अर्धवट शुद्धीत काम करत राहतोस, चुकीच्या सूचना पाळतोस आणि ईईप्रॉममध्ये भलतंच लिहून ठेवतोस. शिवाय तुझ्या पुरवठ्याच्या प्रत्येक पिनेला अगदी खेटून '१०४' छापलेला कपॅसिटर हवा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर हवा, कारण कॉइल सुटताना जो विजेचा फटकारा उठतो तो तारांवरून थेट तुझ्यापर्यंत येतो. दोष कोडमध्ये शोधायचा की तारेत, हे ठरवायला कॉन्टॅक्टरची तार काढून त्या जागी बल्ब लावावा. बल्बवर पेटी दिवसभर नीट चालली आणि कॉन्टॅक्टर जोडल्याबरोबर अडखळली, तर सी च्या ओळी चाळत बसण्यात अर्थ नाही.

आता हिशेबाकडे येऊ. शेतकरी मेसेज पाठवतो, '३० मिनिटं चालव'. प्रोग्रॅममध्ये मिनिटांना ६० ने आणि मग १००० ने गुणून मिलिसेकंद काढलेले असतात. लॅपटॉपवर हे बरोबर चालतं. पण तुझ्या एव्हीआर कुळात साधा इंट १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पलीकडे त्याची मजल नाही. १८ लाख त्यात मावत नाहीत. वरचे बिट गळतात आणि सहसा ३०,५२८ उरतात. अर्ध्या तासासाठी लावलेली मोटर साडेतीस सेकंदांत बंद. तोच शेतकरी १ मिनिट मागतो, तर ६०,००० चे उणे ५,५३६ होतात, आणि ही उणे संख्या ३२ बिटांच्या अनसाइन्ड व्हेरिएबलमध्ये टाकली की मोटर जवळजवळ ५० दिवस बंद होत नाही. गुणाकाराच्या आधी रुंद व्हेरिएबल घ्यावं, म्हणजे दोष संपतो. १९९९ च्या सी प्रमाणकाने त्यासाठी यूइंट१६_टी, यूइंट३२_टी अशी रुंदी सांगणारी नावं दिली आहेत. तुझ्यासाठी लिहिताना नुसता इंट शक्यतो वापरूच नये.

कंपायलरला सगळ्या वॉर्निंग दाखवायला लावावं आणि एकही वॉर्निंग शिल्लक ठेवू नये. दोन स्थिर आकड्यांचा गुणाकार मावत नसेल तर तो लगेच बोलतो, तुलनेच्या जागी एकच बरोबरचं चिन्ह पडलं असेल तरी बोलतो. शेतकऱ्याकडून आलेल्या आकड्याबद्दल मात्र त्याला आधी कळायचं कारण नाही, तिथे लिहिणाऱ्यानेच सावध राहायचं.

वेळेचंही असंच. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काटा ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ सुद्धा याच काट्यावर अडखळून बंद पडायचं. पेटीला बॅटरीचा आधार असेल तर तूही त्या दिवसापर्यंत पोहोचतोस. 'आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी झाली का' असं विचारलं की त्या दिवशी घोटाळा होतो. 'आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली तर किती उरतं' असं विचारलं, आणि दोन्ही अनसाइन्ड असल्या, तर काटा शून्यावर येऊनही उत्तर बरोबर येतं. हे तपासायला ५० दिवस थांबायची गरज नाही. चाचणीच्या वेळी काटा शून्यापासून सुरू न करता, तो उलटायला एक मिनिट बाकी असताना सुरू करावा.

हातातलं काम थांबवून आधी दुसरं करायला लावणाऱ्या इंटरप्टच्या चुका सगळ्यांत फसव्या, कारण त्या क्वचित दिसतात. पाण्याच्या मीटरचे पल्स मोजणारं व्हेरिएबल इंटरप्टमध्ये वाढतं आणि मुख्य लूपमध्ये वाचलं जातं. मुख्य लूप ते कुठेच बदलत नाही, हे पाहून कंपायलर एकदाच वाचतो आणि तीच जुनी किंमत धरून बसतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना चालणारा प्रोग्रॅम ते चालू केल्यावर बसला, तर आधी इथे पाहावं. व्हेरिएबलला 'व्होलाटाइल' म्हटलं की तो दर वेळी नव्याने वाचतो. पण एवढ्याने भागत नाही. ८ बिटांचा तू १६ बिटांचा आकडा दोन घासांत वाचतोस. गाडीच्या मीटरचे आकडे फिरत असताना अर्धे आधी आणि अर्धे नंतर टिपावे, तसं होतं: खालचा बाइट २५५ वाचला, तेवढ्यात इंटरप्ट आला, आकडा २५६ झाला, आणि वरचा बाइट वाचून होईपर्यंत हातात आले ५११. उपाय जुनाच आहे. क्षणभर इंटरप्ट बंद करायचे, आकड्याची नक्कल घ्यायची, इंटरप्ट पूर्ववत करायचे आणि पुढचं सगळं त्या नकलेवर करायचं.

आता डीपीचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरचा विषय, ज्याच्यापायी तुझ्या नावाने सगळ्यांत जास्त बोटं मोडली जातात. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या ऑटोच्या मोटरी एकाच वेळी उठतात. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्या मिळून डीपीवर असा भार टाकतात की फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते, आणि नवी येईपर्यंत पिकाला वाट पाहावी लागते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतं. शेतकऱ्याला मात्र रात्रीची फेरी वाचवणारा ऑटो सोडवत नाही, आणि त्याचंही चूक नाही.

प्रोग्रॅमर यावर सोपा तोडगा काढतो. लाइट आल्यावर प्रत्येक पेटीने वेगवेगळा वेळ थांबून मोटर सुरू करावी, आणि तो वेळ सी च्या रँड या फंक्शनने काढावा. कागदावर हे छान दिसतं. पण बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलं नाही तर हे फंक्शन दर वेळी तेच आकडे त्याच क्रमाने देतं, हा सी चा नियमच आहे. एकाच कंपनीच्या, एकच प्रोग्रॅम भरलेल्या वीस पेट्या एका डीपीवर असल्या तर त्या वीसही जणी सारखाच वेळ थांबतात आणि एकदम उठतात. प्रोग्रॅमरच्या टेबलावर एकच बोर्ड असतो, त्यामुळे हा दोष तिथे दिसूच शकत नाही. बीज प्रत्येक पेटीचं वेगळं हवं. अनेक एसटीएम३२ चिपमध्ये कारखान्यातूनच ९६ बिटांचा स्वतंत्र ओळख क्रमांक येतो, तो घ्यावा. ती सोय नसेल तर प्रोग्रॅम टाकताना ईईप्रॉममध्ये पेटीचा अनुक्रमांक लिहावा आणि तो बीज म्हणून वापरावा. चाचणीला किमान दोन बोर्ड शेजारी ठेवून एकदम वीज द्यावी.

फेज गेल्याची गोष्टही अशीच फसवी आहे. तीनपैकी एक फेज गेला तरी चालती मोटर स्वतःच त्या रिकाम्या तारेवर बरंच व्होल्टेज उभं करते. तू फक्त व्होल्टेज पाहत असशील तर तुला तीनही फेज जवळजवळ ठीक दिसतात आणि मोटर तापत तापत जळते. वाइंडिंग भरून आणायचा खर्च शेतकऱ्याच्या माथी. म्हणून तारांतला करंटही पाहायला हवा. मोजताना एक नमुना घेऊन निर्णय करू नये. आपली वीज ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण आवर्तनांवर नमुने घेऊनच किंमत काढावी. आणि बंद करायची पातळी व पुन्हा चालू करायची पातळी यांत अंतर ठेवावं, नाहीतर व्होल्टेज त्या एका रेषेवर रेंगाळलं की कॉन्टॅक्टर टकटक करत राहतो.

तुला बोलतं करायची साधनं प्रत्येक टेबलावर असतात, पण ती वापरायची शिस्त कमी दिसते. नवा बोर्ड हातात आला की आधी एक एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकवून घड्याळाने मोजावा. ३२८पी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर लावलेला येतो. प्रोग्रॅम १६ मेगाहर्ट्झ धरून लिहिला असेल तर एका सेकंदाचे १६ सेकंद होतात, आणि सिरीयल पोर्टवर अगम्य चिन्हं उमटतात. कोड तपासत बसण्याआधी चिपचा वेग ठरवणारे फ्यूज बिट पाहावेत.

जागोजाग प्रिंटएफ टाकून डीबग करायची सवय सगळ्यांनाच असते. पण ९६०० बॉडला एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. इंटरप्टमध्ये एक ओळ छापायला घेतली तर जे पाहायचं होतं तेच बदलून जातं, कधी दोषच गायब होतो. तिथे एखादी मोकळी पिन वर करून काम झाल्यावर खाली करावी आणि लॉजिक ॲनालायझरवर पाहावं. इंटरप्टला किती वेळ लागतो, तो कोणाच्या अंगावर येतो, सगळं दिसतं. एसटीएम३२ ला डीबगर जोडून प्रोग्रॅम मध्येच थांबवता येतो. ती सोय मोठी आहे, पण तू थांबलास तरी पिना होत्या तशाच राहतात. रिले ओढलेला असताना तुला थांबवलं तर मोटर चालूच राहते आणि पाणी संपल्याचं पाहणारा कोणी उरत नाही. डीबगर जोडला की खरी मोटर जोडायची नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

वॉचडॉगबद्दलही गैरसमज आहे. तू अडकून पडलास तर तुला पुन्हा उठवायला तो असतो. त्याला 'मी जागा आहे' हे टायमरच्या इंटरप्टमधून सांगितलं की त्याचं असणं फुकट जातं, कारण मुख्य लूप मेलेला असला तरी टायमर इमानाने टिकटिकत असतो. हे मुख्य लूपनेच सांगावं, तेही जीएसएम मोडेम, मोजमाप आणि मोटर हे तिन्ही भाग आपापली हजेरी देऊन गेल्यावर. आणि वॉचडॉगने उठवलं असेल तर ती बातमी लपवू नये. मोटर थांबवून, कारण नोंदवून, मगच पुढचं ठरवावं.

मंगळावर १९९७ च्या जुलैत उतरलेल्या पाथफाइंडर यानाचं असंच झालं होतं. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रिसेट होऊ लागला. कमी महत्त्वाचं काम जास्त महत्त्वाच्या कामाला अडवून धरत होतं आणि वॉचडॉग सगळ्यांनाच नव्याने उठवत होता. 'नासा'च्या जेपीएलमधल्या मंडळींनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रकार घडवला, कामांचा क्रम नोंदवणारा ट्रेस घेतला, दोष पकडला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. हे जमलं, कारण तपासाच्या सोयी उड्डाणाच्या प्रोग्रॅममधून त्यांनी काढून टाकल्या नव्हत्या. यानापर्यंत कोणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाणार नव्हतं. रात्री दोन वाजता केदारखेड्याच्या विहिरीवरही कोणी जाणार नाही.

म्हणून कंट्रोलरा, तुझ्या ईईप्रॉममधली थोडी जागा साक्षीसाठी राखून ठेवली पाहिजे. शेवटच्या सोळा घटना पुरेत: काय झालं, कधी झालं, त्या वेळी व्होल्टेज आणि करंट किती होते, रिसेटचं कारण काय. लिहितानाही हिशेब हवा. ईईप्रॉमच्या एका घरात साधारण १ लाख वेळा लिहिता येतं. दर सेकंदाला एकाच घरात लिहीत बसलं तर २८ तासांत ते घर संपतं. फक्त काही बदललं तरच लिहावं आणि सोळा घरं आळीपाळीने वापरावीत. 'हिशोब दे' असा मेसेज आला की शेवटच्या चार घटना उत्तरात जाव्यात. मोडेमच मेलं असेल तर पेटीवरच्या एलईडीने कारणाचा आकडा मोजून दाखवावा. प्रोग्रॅमची आवृत्ती मेसेजमध्येही हवी आणि पेटीवर चिकटवलेलीही हवी. नाहीतर कोणत्या खांबावर कोणता प्रोग्रॅम आहे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे शिकायला फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात 'नायलिट'चं केंद्र आहे, जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, पुण्यात सी-डॅक एम्बेडेड सिस्टिमचा पदविका अभ्यासक्रम चालवतं, आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सी चे धडे मराठीतून ऐकता येतात. उणीव वेगळीच आहे. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत बोर्ड एकदा चालला की गुण मिळतात. परीक्षकांनी एवढं करावं: पोरांनी बोर्ड चालवून दाखवला की त्याची वीज दोनदा काढून पुन्हा लावावी, त्याला एक लांबलचक मेसेज पाठवावा, आणि मग विचारावं, 'आत्ता काय काय झालं, ते हाच बोर्ड सांगेल का?' गुण त्या उत्तराला द्यावेत.

राहिला शेतकरी. त्याने सी शिकायची गरज नाही. तो दुकानात गॅरंटी किती वर्षांची आणि किंमत किती, एवढंच विचारतो. भोकरदनला, जालन्याला पेटी घ्यायला गेला की त्याने तिसरा प्रश्नही विचारावा: 'मोटर बंद पडली तर का पडली, हे ही पेटी मला सांगते का?' दहा गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला की दुकानदार तो कंपनीला विचारेल, आणि कंपनी तुझा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला. त्याच्या टेबलावर हा प्रश्न पोहोचेपर्यंत तुझ्या बाजूने भांडायचं काम मी करीन.

तुझा,
एक प्रोग्रॅमर